जमाबंदी, पंचनामा आणि बिशप: उत्तरकालीन रोमन सुधारणांकडे कसे पाहावे

प्रश्न असा आला आहे: "डायोक्लीशनने रोमन साम्राज्याचे प्रशासन सुधारले, कॉन्स्टन्टाइनने ख्रिस्ती धर्म राजधर्म केला आणि या धर्मबदलामुळे रोम आतून पोखरले गेले, अशी तीन वेगवेगळी प्रकरणे आमच्या पुस्तकात आहेत. या तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे का? आणि यातले खरे किती?"

पहिले विधान बरेचसे खरे आहे. दुसरे चूक आहे, आणि तिसरे इतके ढोबळ आहे की त्याला खरे-खोटे म्हणण्यातही अर्थ नाही. संबंधाचे विचाराल तर तो फार जवळचा आहे. प्रकरणे तोडल्यामुळेच तो दिसेनासा होतो. हा काळ वर्गात शिकवताना मी सुरुवात कॉन्स्टन्टाइनला लढाईआधी पडल्याचे सांगतात त्या ख्रिस्ती चिन्हाच्या स्वप्नापासून करत नाही, करवसुलीपासून करतो. मुलांना ते रूक्ष वाटते. पण चौथ्या शतकात सम्राटाने धर्माबाबत काही ठरवले की ते माणसांपर्यंत पोचायचे ते वसुलीसाठी उभारलेल्या यंत्रणेतूनच, आणि कोणाला कोणता धर्म सोयीचा हेही बऱ्याच अंशी त्या वसुलीनेच ठरवले. श्रद्धा खोटी होती असे मी म्हणत नाही. कॉन्स्टन्टाइनची श्रद्धा मला खरीच वाटते. पण श्रद्धेवरून धोरण कळते, त्या धोरणाचे पुढे काय झाले ते कळत नाही.

थोडे मागे जाऊ. २१२ साली काराकॅलाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र रहिवाशांना रोमन नागरिक केले. त्यानंतर सदतीस-अडतीस वर्षांनी डेशियस नावाच्या सम्राटाने हुकूम काढला की सगळ्यांनी देवांना बळी द्यावा. तोवर धर्म ही गावागावाची, घराण्याघराण्याची बाब होती. 'सगळ्यांनी' असे म्हणायला आधी सगळे एकाच यादीत यावे लागतात. इजिप्तच्या वाळूत या हुकमाचे दाखले सापडले आहेत, चाळीसहून अधिक. मजकूर ठरावीक: मी नेहमीच देवांना बळी देत आलो आहे, आताही तुमच्यासमोर हुकमाप्रमाणे अर्घ्य ओतले, बळी दिला, प्रसाद चाखला, तरी तसे प्रमाणित करावे ही विनंती. खाली साक्षीदारांच्या सह्या. देवभक्तीची पोचपावती ही अशी पहिल्यांदा फाडली गेली. डेशियस लवकरच लढाईत मारला गेला आणि हुकूम विरला, पण माणूस आणि देव यांच्यामध्ये सरकारी कागद येऊ शकतो हे त्यातून सिद्ध झाले.

तिसऱ्या शतकातल्या बाकीच्या धुमाळीवर मी वेळ घालवत नाही. २३५ ते २८४ या काळात वीसहून अधिक सम्राट होऊन गेले, २६० मध्ये व्हॅलेरियन इराणच्या शापूरच्या हाती जिवंत सापडला, चांदीच्या नाण्यात चांदी नावापुरती उरली. २० नोव्हेंबर २८४ रोजी सैन्याने निकोमेडियाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमितला, डायोक्लीशनला सम्राट केले तेव्हा त्याच्यापुढचा पेच साधा होता: सैन्य मोठे हवे, पैसा हातात नाही.

२८६ मध्ये त्याने मॅक्सिमियनला बरोबरीचा सम्राट केले आणि २९३ मध्ये गॅलेरियस आणि कॉन्स्टँशियस (कॉन्स्टन्टाइनचा बाप) या दोघांना कनिष्ठ सम्राट नेमले. चार सम्राटांची ही व्यवस्था परीक्षेला येते म्हणून सगळ्यांना पाठ असते. माझ्या मते तिच्यापेक्षा महत्त्वाच्या अशा दोन गोष्टी आहेत. एक, प्रांतांची संख्या सुमारे दुप्पट होऊन शंभराच्या आसपास गेली. प्रांत लहान झाला, राज्यपाल लोकांच्या जवळ आला. त्याच्याकडचे सैन्य हळूहळू काढून घेतले गेले; उरले दोनच उद्योग, निवाडे देणे आणि कर गोळा करणे. दुसरी गोष्ट म्हणजे नवी जमाबंदी. जमिनीचा कस आणि राबणारी माणसे यांची सांगड घालून कर बसवायचा. २९७ च्या मार्चमध्ये इजिप्तचा राज्यपाल अरिस्टियस ऑप्टॅटस याने काढलेले जाहीरनामापत्र सुदैवाने शिल्लक आहे. तो म्हणतो की आजवर कोणावर फार बोजा पडे, कोणी हलक्यात सुटे. आता कोणत्या प्रतीच्या जमिनीवर किती आणि गावातल्या माणशी किती, कोणत्या वयापासून कोणत्या वयापर्यंत, हे सम्राटांनी ठरवून दिले आहे, आणि याची प्रत गावोगाव पोचवावी. प्रत गावोगाव! रोमन सरकार इतके खाली उतरले होते.

हा कर गोळा कोण करणार? सरकारकडे पगारी माणसे थोडी. म्हणून काम पडले शहरांच्या नगरसभांवर. नगरसभेचा सभासद म्हणजे त्या शहरातला बऱ्यापैकी जमीनजुमला असलेला माणूस. एके काळी हा मान होता. लोक स्वखर्चाने नाट्यगृहे बांधत आणि त्यावर आपले नाव कोरून घेत. आता तो गळ्यातला धोंडा झाला. वसुली कमी पडली तर तूट सभासदांच्या घरातून भरून घेतली जाई, जामीन राहिलेल्याच्या दारात सावकार येऊन बसतो तशी. सभासदत्व बापाकडून मुलाकडे जाई आणि सोडता येत नसे. अंगावर पडणारी बिनपगारी कामेही होती: रस्ते, हमामखान्यांचे सरपण, सरकारी टपालाची जनावरे. हा वर्ग नीट लक्षात ठेवा. पुढच्या शंभर वर्षांचे धार्मिक राजकारण बरेचसे याच्याभोवती फिरते.

डायोक्लीशनचा ३०१ चा किंमत-हुकूमही याच मनोवृत्तीतला. बाराशेहून अधिक वस्तूंचे आणि कामांचे कमाल दर त्याने दगडावर कोरवले: शेतमजुराला जेवणासह दिवसाला २५ दिनारी, न्हाव्याला माणशी २. जास्त घेणाऱ्याला देहदंड. प्रस्तावनेत व्यापाऱ्यांच्या लोभावर लांबलचक आगपाखड आहे. सरकारने स्वतःच नाणे पातळ केले याचा उच्चार नाही. बाजारातून माल नाहीसा झाला आणि हुकूम मागे पडला, असे डायोक्लीशनचा कट्टर विरोधक लॅक्टँशियस सांगतो. तो द्वेषाने लिहितो खरा, पण एवढ्यापुरते त्याचे म्हणणे पटण्यासारखे आहे.

आता धर्म. हाच डायोक्लीशन, हीच यंत्रणा. २३ फेब्रुवारी ३०३ रोजी निकोमेडियाचे चर्च जमीनदोस्त झाले आणि दुसऱ्या दिवशी हुकूम लागला: चर्च पाडा, धर्मग्रंथ जाळा, ख्रिस्ती लोकांचे कायदेशीर हक्क काढून घ्या. तिसऱ्या महिन्यात तो उत्तर आफ्रिकेत न्यूमिडियातल्या सिर्टा शहरी पोचला. तिथे १९ मे ३०३ रोजी काय घडले याची शब्दशः नोंद आपल्याकडे आहे. हा उतारा मी दरवर्षी वर्गात वाचतो, कारण 'छळ' या शब्दाने डोळ्यांपुढे येणारे सिंह आणि आखाडे यात कुठेच नाहीत.

नगराचा प्रशासक मुनेशियस फेलिक्स, जो सम्राटपूजेचा पुजारीही होता, कारकून बरोबर घेऊन ख्रिस्ती जमत त्या घरी जातो. बिशप, म्हणजे शहरातल्या चर्चचा प्रमुख, पॉलस याला म्हणतो, ग्रंथ बाहेर काढा. पॉलस म्हणतो, ग्रंथ वाचकांकडे, म्हणजे उपासनेत ते वाचून दाखवणाऱ्या सेवकांकडे असतात. वाचक कोण, ते दाखवा. पॉलसचे उत्तर: तुम्ही सगळे त्यांना ओळखता. फेलिक्स: आम्ही ओळखत नाही. पॉलस: तुमचे कार्यालय ओळखते, हे एडुसियस आणि जुनियस कारकून ओळखतात. मग शुद्ध पंचनामा सुरू होतो: सोन्याचे पेले २, चांदीचे पेले ६, चांदीचे तांबे ६, चांदीचे दिवे ७, साखळ्यांसह पितळी दिवे ११, बायकांचे झगे ८२, ओढण्या ३८, पुरुषांचे झगे १६, पुरुषांच्या पादत्राणांचे जोड १३, बायकांचे ४७. गोरगरिबांना, मुख्यतः विधवांना वाटायला ठेवलेला हा कपडालत्ता असावा. दुसरा अर्थ मला तरी दिसत नाही. एका छोट्या शहरातले चर्च त्या काळी नेमके काय काम करत होते हे कोणत्याही प्रवचनापेक्षा या यादीत जास्त कळते.

पुढे सिल्वेनस आणि कारोसस हे दोघे कनिष्ठ सेवक चांदीची एक पेटी आणि एक दिवा आणून देतात. म्हणतात, रांजणामागे सापडला. त्यावर एक कारकून म्हणतो, सापडले नसते तर मेलाच होतास. ग्रंथांची कपाटे रिकामी निघतात. कॅट्युलिनस एक मोठी पोथी आणून देतो. एकच का, असे विचारल्यावर वाचकांची नावे सांगायला तो आणि त्याचा सोबती नकार देतात: आम्ही फितूर नाही, हे उभे आहोत, मारायचे तर मारा. त्यांना अटक होते. मग वरात वाचकांच्या घरोघर जाते, कुठे चार पोथ्या, कुठे पाच, कुठे आठ. एका घरी नवरा नसतो, बायको सहा पोथ्या काढून देते.

इजिप्तमधला पुढच्या वर्षीचा, ५ फेब्रुवारी ३०४ चा एक कागद असाच आहे. खायसिस गावच्या 'पूर्वीच्या चर्च'चा वाचक ऑरेलियस अमोनियस सम्राटांच्या दैवाची शपथ घेऊन लिहून देतो की आमच्या चर्चकडे सोने नाही, चांदी नाही, कपडे नाहीत, गुरे नाहीत, गुलाम नाहीत, जमीन नाही. होते तेवढे तांब्या-पितळेचे आधीच जमा केले. शेवटी दुसऱ्याची सही आहे, कारण हा वाचक निरक्षर असल्याचे नमूद केले आहे. चर्चचा वाचक, आणि अक्षरओळख नाही! त्या भागातली ग्रीक सोडून तो इजिप्ती भाषा वाचत असेल, असे काही अभ्यासक म्हणतात. शपथेच्या कागदावर सही टाळायची ही युक्ती होती, असे दुसरे म्हणतात. मी दुसऱ्या बाजूचा. अधिकाऱ्यालाही काम उरकायचेच असावे.

म्हणजे छळाचे हत्यार काय होते? तलवार काही ठिकाणी चाललीच, विशेषतः पूर्वेकडे, आणि ते कमी लेखायचे कारण नाही. पण रोजचे हत्यार होते ते यादी, शपथपत्र, जप्ती आणि नगरसभेचा माणूस. ही सगळी सामग्री डायोक्लीशनने करासाठी तयार केली होती.

१ मे ३०५ रोजी डायोक्लीशनने स्वखुशीने पद सोडले आणि तो आजच्या क्रोएशियातल्या स्प्लिटला आपल्या वाड्यात भाजी लावत बसला. त्याच्यामागे सम्राटांची भाऊबंदकी सुरू झाली. ३० एप्रिल ३११ रोजी मरणशय्येवरच्या गॅलेरियसने छळ थांबवला. ख्रिस्ती लोकांना मोकळीक देणारा हुकूम हा त्याचा, कॉन्स्टन्टाइनचा नव्हे. २८ ऑक्टोबर ३१२ ला रोमजवळ मिल्व्हियन पुलाची लढाई जिंकून कॉन्स्टन्टाइन पश्चिमेचा एकटा धनी झाला. फेब्रुवारी ३१३ मध्ये कॉन्स्टन्टाइन आणि त्याचा सहसम्राट लिसिनियस मिलानला भेटले आणि एका धोरणावर सहमत झाले. पुस्तकात ज्याला मिलानचा हुकूमनामा म्हणतात तो आपल्याला मिळतो तो लिसिनियसने पूर्वेकडच्या राज्यपालांना पाठवलेल्या पत्राच्या रूपात. ते निकोमेडियात १३ जून ३१३ ला लागले. त्यात ख्रिस्ती धर्म राजधर्म होतो असे एक अक्षर नाही. प्रत्येकाने हवा तो धर्म पाळावा, आणि ख्रिस्ती मंडळींच्या जप्त जागा मोबदला न मागता परत द्याव्यात, एवढेच आहे. दुसरा भाग जास्त लांब आहे, आणि तोच मला जास्त बोलका वाटतो. जप्तीची नोंद होती म्हणून परतफेड शक्य झाली.

पण इतिहासाला कलाटणी देणारा कागद माझ्या मते हा नव्हे, तर त्याच सुमारास कॉन्स्टन्टाइनने आफ्रिकेचा राज्यपाल अन्युलिनस याला लिहिलेले छोटेसे पत्र. त्यात तो सांगतो की कार्थेजचा बिशप सीसिलियन याच्या चर्चमधल्या धर्मसेवकांना सगळ्या सार्वजनिक कामांतून मुक्त करावे, म्हणजे त्यांना देवाची सेवा निर्वेधपणे करता येईल. शिवाय सीसिलियनला ३००० फोलिस (त्या काळचे चलन) एवढी रक्कम द्यायची व्यवस्था त्याने वेगळ्या पत्राने केली. जुन्या पुजाऱ्यांना अशा सवलती होत्याच, त्यामुळे कॉन्स्टन्टाइनला हे साधेच वाटले असेल. पण वर सांगितलेला नगरसभेचा धोंडा आठवा. ज्या वर्गाला त्याखालून निसटायला दार हवे होते त्याला ते बिशपच्या अंगणात सापडले. लोक धडाधड धर्मसेवक होऊ लागले. काही वर्षांतच कॉन्स्टन्टाइनला स्वतःच कायदे करून ते दार अर्धे लावावे लागले: नगरसभेचा किंवा त्या ऐपतीचा माणूस धर्मसेवक होऊ शकणार नाही, श्रीमंतांनी जगाचा भार उचलावा आणि चर्चच्या पैशावर गरिबांनी जगावे. पण दार पुरते बंद झालेच नाही. पुढचे सम्राट पुन्हा पुन्हा तोच कायदा करत राहिले, आणि एकच कायदा वारंवार करावा लागतो तेव्हा तो कोणी पाळत नसतो.

दुसरा परिणाम आणखी विचित्र. सवलत 'ख्रिस्ती' म्हणून मिळाली नव्हती, 'सीसिलियनच्या चर्चला' मिळाली होती. आफ्रिकेत तेव्हा दोन तट होते. छळाच्या वेळी ज्यांनी ग्रंथ काढून दिले त्यांच्या हातून दीक्षा घेतलेला बिशप आम्हाला मान्य नाही, असे म्हणणारा एक. त्याला पुढे डोनॅटसच्या नावाने ओळखले गेले. दुसरा सीसिलियनचा. आता खरे चर्च कोणते, हे सम्राटाला ठरवणे भाग पडले, कारण सूट कोणाला द्यायची हा वसुलीचा प्रश्न होता. डोनॅटसवाले स्वतःच सम्राटाकडे दाद मागायला गेले. ३१३ मध्ये रोमला बैठक झाली, ३१४ मध्ये आर्लला धर्मसभा झाली. दोन्हीकडे निकाल सीसिलियनच्या बाजूने लागला. कॉन्स्टन्टाइनने काही वर्षे बळ वापरून पाहिले आणि ३२१ मध्ये हात टेकले; म्हणाला, यांचा न्याय देवच करील.

सिर्टाचा पंचनामा आपल्यापर्यंत पोचला तोही या भांडणामुळेच. कनिष्ठ सेवक सिल्वेनस, रांजणामागून दिवा काढून देणारा, पुढे त्याच शहराचा बिशप झाला, आणि तोही डोनॅटसच्या, म्हणजे फितुरांना नाक मुरडणाऱ्या गटाचा. त्याच्याच एका सेवकाशी त्याचे बिनसले. डिसेंबर ३२० मध्ये राज्यपाल झेनोफिलस याच्यासमोर चौकशी लागली आणि सतरा वर्षांपूर्वीचे सरकारी दप्तर बाहेर काढून वाचण्यात आले. साक्षीदारांत व्हिक्टर नावाचा व्याकरणशिक्षक होता. त्याच्या घरूनही पोथ्या नेल्या होत्या. तो आधी कानावर हात ठेवतो आणि दप्तर वाचल्यावर कबूल करतो. छळ करणाऱ्या सरकारने केलेली नोंद ख्रिस्ती सम्राटाच्या राज्यपालाने ख्रिस्ती बिशपाविरुद्ध पुरावा म्हणून वाचली. सत्तेचा धर्म बदलला होता, दप्तर तेच होते. तोवर सिर्टाचे नावही बदलून कॉन्स्टन्टिना झाले होते. अल्जीरियातले ते शहर आजही सम्राटाचेच नाव लावते.

कॉन्स्टन्टाइनच्या बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. सोन्याच्या पौंडाला ७२ या हिशेबाचे सॉलिडस नाणे त्याने पाडले आणि ते कित्येक शतके टिकले. ३३० च्या दशकात देवळांतले सोने उचलले गेले त्याचा त्याला उपयोग झालाच असेल. ३२१ मध्ये सूर्याच्या वारी कोर्टे आणि शहरातले धंदे बंद ठेवायचा हुकूम निघाला, शेतकऱ्यांना मात्र पेरणी-कापणीची मुभा होती. हुकमात ख्रिस्ताचे नाव नाही. 'अजिंक्य सूर्य' त्याच्या नाण्यांवर ३२५ च्या आसपासपर्यंत झळकतो. मुख्य पुरोहिताचे जुने रोमन पद त्याने कधी सोडले नाही. ३२५ च्या निसियाच्या धर्मसभेला बिशप सरकारी टपालगाड्यांतून आले. त्याचा मुलगा कॉन्स्टँशियस याच्या काळात या सभांचा इतका सुळसुळाट झाला की बिशपांच्या येण्याजाण्याने टपालव्यवस्थेचे कंबरडे मोडले, असे इतिहासकार अमियानस मार्सेलिनस कुरकुरतो. स्वतः कॉन्स्टन्टाइनने बाप्तिस्मा घेतला तो ३३७ मध्ये, मरणाच्या दारात. यात राजधर्म कुठे आहे? राजाचा आवडता धर्म आहे, एवढेच.

यानंतर ज्युलियन, आणि माझा मुख्य मुद्दा त्याच्यावरून सगळ्यांत चांगला समजतो. कॉन्स्टन्टाइनचा हा पुतण्या ३६१ मध्ये सम्राट झाला आणि त्याने जुन्या देवांकडे परतायचे जाहीर केले. बहुतेक जण त्याला स्वप्नाळू म्हणून सोडून देतात. पण तो उत्तम प्रशासक होता. गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, असताना त्याने माणशी कर २५ सोन्याच्या नाण्यांवरून ७ वर आणला, असे अमियानस सांगतो. राजधानीत आल्यावर केस कापायला न्हावी बोलावला, तर भरजरी पोशाखातला एक बडा असामी दारात उभा. ज्युलियन म्हणाला, मी न्हावी बोलावला होता, खजिन्याचा अधिकारी नव्हे. चौकशीत कळले की त्याला रोज वीस माणसांचा शिधा, तितक्याच जनावरांची वैरण आणि वर भक्कम पगार मिळतो. ज्युलियनने राजवाड्यातली ही बांडगुळे छाटली.

त्याच्या धर्मसुधारणा याच प्रशासकाच्या हातच्या आहेत. मार्च ३६२ मध्ये त्याने फर्मावले की ख्रिस्ती धर्मसेवक म्हणवून नगरसभेची कामे चुकवणाऱ्यांना परत आणून सभेत बसवा. हा धर्मावरचा घाव होता की महसुलाची सुधारणा? दोन्ही, वेगळे करताच येत नाही. गॅलेशियाचा मुख्य पुजारी अर्सेशियस याला त्याच्या नावाने गेलेले एक पत्र आहे. त्यात प्रांतासाठी वर्षाला ३०,००० मोडियस (धान्याचे रोमन माप) गहू आणि ६०,००० माप द्राक्षमद्य मंजूर केले आहे. पाचवा हिस्सा पुजाऱ्यांची सेवा करणाऱ्या गरिबांना, बाकी परके आणि भिकारी यांना. कारण दिले आहे की हे गॅलिलीवाले (ख्रिस्ती लोकांना त्याने ठेवलेले नाव) आपल्याच नव्हे, आमच्याही गरिबांना पोसतात, ही लाजेची गोष्ट आहे. या पत्राच्या खरेपणाबद्दल काही अभ्यासकांना शंका आहे, पण धोरण त्याच्या इतर लिखाणाशी जुळते. सिर्टाचे ते ८२ झगे इथे आठवतात. ज्युलियनला चर्चचे बळ बरोबर कळले होते. पण चर्चने दोन शतके गल्लीबोळातून, वर्गणीतून जे उभे केले ते तो सरकारी धान्याने एका फटक्यात करू पाहत होता.

आणि त्याचे स्वतःचे लोक? अँटिओकजवळ डॅफ्नेला अपोलोच्या सणाला तो मोठ्या उत्साहाने गेला, नैवेद्य, धूप, शुभ्र वस्त्रातली मुले डोळ्यांपुढे आणत. देवळात म्हातारा पुजारी एक हंस घेऊन उभा होता, तोही घरचा. शहराने काहीच पाठवले नव्हते. ज्युलियन नगरसभेवर भडकला. मला त्या सभासदांची दया येते. ज्यांना कर भरता भरता नाकी नऊ आले होते त्यांनी शंभर बैल कुठून आणायचे? जून ३६२ मध्ये त्याने ख्रिस्ती शिक्षकांना अभिजात साहित्य शिकवण्यापासून रोखले. हे इतके कडू होते की अमियानससारख्या जुन्या धर्माच्या, ज्युलियनवर लोभ असलेल्या लेखकानेही ते कायमचे गाडून टाकण्याजोगे म्हटले. ३६३ च्या जूनमध्ये इराणच्या मोहिमेत ज्युलियन पडला आणि प्रयोग संपला.

आता 'राजधर्म'. त्या शब्दाच्या सगळ्यांत जवळ जाणारा कायदा सम्राट थिओडोसियसचा, फेब्रुवारी ३८० चा, थेसालोनिकाहून काढलेला. रोमचा डॅमॅसस आणि अलेक्झांड्रियाचा पीटर हे बिशप जो विश्वास पाळतात तोच सगळ्यांनी पाळावा. तो संबोधलेला आहे राजधानी कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) जनतेला, आणि त्याचा रोख आहे ख्रिस्ती लोकांतल्याच, ख्रिस्ताला देवपित्याच्या बरोबरीचा न मानणाऱ्या एरियसपंथी गटावर. जुन्या देवांचा त्यात उल्लेखही नाही. पुन्हा प्रश्न तोच, की कोणाचे चर्च खरे, म्हणजे इमारती कोणाच्या आणि सवलती कोणाच्या.

जुन्या धर्मावर घाव पडला तो दोन बाजूंनी. ३८२ मध्ये पश्चिमेचा सम्राट ग्रेशियन याने रोमच्या सिनेटमधली विजयदेवीची वेदी हलवली आणि व्हेस्टा देवीचा पवित्र अग्नी राखणाऱ्या कुमारिकांचे सरकारी अनुदान व सवलती काढून घेतल्या. ३८४ मध्ये नगराधिपती सिमॅकसने त्याविरुद्ध जो अर्ज केला त्यातले, इतक्या थोर रहस्यापर्यंत एकाच वाटेने पोचता येत नाही, हे वाक्य सगळे उद्धृत करतात. सुंदरच आहे. पण अर्जाचा मोठा भाग मृत्युपत्रांनी दिलेल्या जमिनी सरकारने का गिळल्या यावर आहे, आणि हा भाग कोणी वाचत नाही. रोमचा सार्वजनिक धर्म सार्वजनिक पैशावर चाले. पैसा थांबला की विधी थांबतो हे सिमॅकसला पक्के ठाऊक होते. मिलानच्या बिशप अँब्रोजने सम्राटाचे मन वळवले आणि अर्ज फेटाळला गेला.

दुसरी बाजू म्हणजे नोव्हेंबर ३९२ चा कायदा. बळी, धूप, झाडांना बांधलेल्या पट्ट्या, घरातला देव्हाराही त्यात आला. दुसऱ्याच्या जागेत किंवा देवळात हे करणाऱ्याला २५ पौंड सोने दंड. कारवाईत दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र ३० पौंड, आणि त्याच्या कार्यालयालाही तितकाच. गुन्हेगारापेक्षा अधिकाऱ्याला दंड जास्त! असा कायदा सरकार तेव्हाच करते, जेव्हा आपलेच अधिकारी काणाडोळा करणार याची त्याला खात्री असते. आणि खात्री असायला कारण होते. याच थिओडोसियसच्या राज्यात, ३९१ साली, म्हणजे त्याने बळींवर सर्वसाधारण बंदी आणली त्याच वर्षी, कॉन्सल या दरवर्षी दोघांना मिळणाऱ्या सर्वोच्च मानाच्या पदावरचा एक जण कोण होता? सिमॅकस. देवळे पाडली गेली ती अनेकदा कायद्याने नव्हे, तर स्थानिक बिशप, भिक्षू आणि जमावाने. अलेक्झांड्रियाचे सेरापीस मंदिर त्यातले सगळ्यांत गाजलेले. अँटिओकचा वक्तृत्वशिक्षक लिबेनियस याने त्याआधीच थिओडोसियसला कळवले होते की काळे कपडे घालून हत्तीपेक्षा जास्त खाणारे हे भिक्षू खेड्यांतली देवळे लुटत आहेत, देऊळ गेले की शेतकऱ्याची उमेद जाते आणि मग सरकारचा साराही बुडतो. जुन्या धर्माची वकिली करतानाही शेवटचा हुकमी पत्ता वसुलीचा, हे पाहा.

धर्माने रोम पोखरले का, याला थोडक्यात उत्तर देतो. पूर्वेकडचा अर्धा भाग पश्चिमेपेक्षा जास्त ख्रिस्ती होता, कायदे तेच, करपद्धत तीच, आणि तो १४५३ पर्यंत टिकला. पश्चिमेचे बळ मोडण्यात ४३९ मध्ये व्हँडल लोकांनी कार्थेज घेतले याचा वाटा मोठा आहे, कारण आफ्रिकेचा गहू आणि कर गेला की सैन्याचा पगार जातो. धर्मसेवकांच्या सवलतींनी नगरसभा अशक्त केल्या हे खरे, पण सैन्यात आणि सरकारी नोकरीत शिरून सूट मिळवणाऱ्यांनीही त्या तितक्याच पोखरल्या.

परीक्षेसाठी लिहायचे तर ३११ ला गॅलेरियसची मोकळीक, ३१३ ला समान मुभा आणि मालमत्तेची परतफेड, ३८० ला ख्रिस्ती पंथांतला अधिकृत पंथ आणि ३९१-३९२ ला बळीबंदी असे चार टप्पे वेगळे लिहा. कॉन्स्टन्टाइनच्या नावावर शेवटचे दोन टाकू नका. पुढे वाचायची इच्छा असेल तर ४३८ च्या थिओडोसियस संहितेचा अनुवाद मिळवा. सगळे जण शेवटचे, सोळावे पुस्तक उघडतात, कारण धर्म त्यात आहे. आधी बाराव्याचे पहिले प्रकरण उघडा. ते नगरसभेच्या सभासदांवर आहे, त्यात १९२ कायदे आहेत आणि अख्ख्या संहितेत त्याच्याइतके लांब प्रकरण दुसरे नाही. ते वाचल्यावर सोळावे पुस्तक वेगळेच दिसू लागते.